बिबट्या आधी कुणाला दिसतो?

गावात बिबट्या आल्याची बातमी छापून येते तेव्हा फोटो कशाचा असतो? पिंजऱ्याचा, वनखात्याच्या गाडीचा, नाहीतर काठ्या घेऊन उभ्या असलेल्या गर्दीचा. पण तो पहिल्यांदा दिसला कुणाला, हे बातमीत जरा शोधून बघा. पुष्कळदा ती पहाटे गोठ्यात धारेला गेलेली बाई असते. धुणं घेऊन ओढ्याकडे निघालेली सून असते. अंधारात टमरेल घेऊन बाहेर पडलेली म्हातारी असते. पहाटे आणि तिन्हीसांजेला घराच्या आसपास वावरणारं माणूस म्हणजे बाई, आणि जनावराची बाहेर पडायची वेळही नेमकी तीच.

आमचं मंगळवेढं म्हणजे ज्वारीचं कोठार. काळी, सपाट रानं. इथं जनावर म्हणजे लांडगा, कोल्हा, फार तर खोकड. लांडग्यानं धनगराचं कोकरू नेलं की दोन दिवस पारावर तीच चर्चा. बिबट्या डोंगराकडचा, त्याचा आपला काय संबंध, असंच सगळे म्हणायचे. मग कालव्याचं पाणी आलं, ऊस वाढला. वर्षभर उभा असलेला ऊस म्हणजे बिबट्याला आयतं रान. मादी त्यातच पिलं घालते. आणि वस्तीवरची कुत्री, शेळ्या हाताशीच.

आपल्याच जिल्ह्यात, करमाळा तालुक्यात डिसेंबर २०२० मध्ये जे झालं ते विसरता येणार नाही. काही दिवसांत तीन बळी गेले. एक पुरुष, एक बाई आणि ऊसतोड कामगाराची लहान मुलगी. १८ डिसेंबरला वांगी परिसरात त्या बिबट्याला गोळी घातली. त्याचं मला वाईट वाटत नाही, दुसरा इलाजच उरला नव्हता. पण नंतरच्या बातम्या सगळ्या बंदुकीच्या. फडात वाकून, उकिडवं बसून काम करणारं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं म्हणतात. फडातल्या बायांना वाकल्याशिवाय काम करता येतं का? त्यांच्या कोपीला दार नसतं, लेकरं उसाच्या कडेलाच खेळतात. याचं काय करायचं, हे कुणी फारसं बोललं नाही.

“पकडा आणि लांब जंगलात सोडून या,” ही मागणी तर प्रत्येक गावात होते. जुन्नर भागात २००० नंतरच्या काही वर्षांत तेच केलं होतं. विद्या अत्रेय यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की परके बिबटे आणून सोडल्यावर त्या भागात हल्ले उलट वाढले. ‘आजोबा’ सिनेमातली उर्मिला मातोंडकर आठवते ना? ती गोष्ट खरी आहे. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेला बिबट्या गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला, तर पठ्ठ्या शंभरावर किलोमीटर चालत थेट मुंबईला पोचला!

बिबट्या निदान बातमीत तरी येतो. साप येत नाही. खरं सांगायचं तर आपल्या घरात जास्त भीती त्याची. कडब्याच्या गंजीत, गोवऱ्यांच्या ढिगात, सरपणात हात कुणाचा जातो? ज्वारी आली की उंदीर येतात, उंदरांमागं साप. नाग, घोणस, फुरसं ओळखू तरी येतं. मण्यार फार वाईट. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, धड दुखत नाही की सुजत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. पित्त झालं असेल म्हणून बाई लिंबू-साखर घेते आणि चुलीपुढं बसते. घरातला पुरुष असा पडला असता तर जीप लगेच दारात आली असती, हे मी रागानंच लिहितेय. या चारही सापांवर एकच लस चालते, सरकारी दवाखान्यात मिळते. मांत्रिकाकडे एक फेरी मारून यायला वेळ नसतो. १०८ ला फोन करायचा, बस्स.

आणि जनावर दिसलं की ती गर्दी! मोबाईल वर धरून पोरं पुढं पुढं करतात. वाट न सापडलेलं जनावर अंगावर येणार नाही तर काय करणार? तेव्हा दार लावून, लेकरं आत घेऊन वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन करणारी बाई मला त्या पोरांपेक्षा शहाणी वाटते.

ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यायची, असा नियम आहे. बऱ्याच ठिकाणी ती रजिस्टरातच होते. तिथं बसून बोलायचे विषय हेच आहेत की. संडास बांधले, पण पाणी नाही म्हणून त्यात सरपण ठेवलंय. शेतीची लाइट रात्री येते, मग दाऱ्यावर रात्रीच जावं लागतं, नवऱ्याला बॅटरी धरायला बायको सोबत.

ओळखीच्या एका वस्तीवर बिबट्याचे ठसे दिसले, तेव्हा पुढारी पिंजऱ्याचा अर्ज घेऊन आले. तिथल्या सासू-सुनांनी सांगितलं, “अंगठा देतो, पण आधी गोठ्यापुढच्या खांबावर दिवा लावा.” महिन्याभरात दिवा लागला. पहाटे चारला लाइट असली तर तो पेटतोही.