शीव कुणी दाखवली?

शाळेत मास्तरांनी घोकून घेतलं : एव्हरेस्ट, जगातलं सगळ्यात उंच शिखर. 1865 साली हे नाव एका सर्व्हेअर साहेबाचं दिलं, ते नाही सांगितलं. त्याच्या उंचीची आकडेमोड राधानाथ सिकदर नावाच्या बंगाल्यानं केली, तेही नाही.

1802 साली लॅम्टननं मद्रासेत मोजणी सुरू केली. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट डोंगरावर चढवला तो खलाशांनी. लॅम्टन 1823 साली आपल्या हिंगणघाटात मेला, त्याची नोंद आहे. खलाशांची नावं कुठल्या दगडावर आहेत?

आता आपल्या मुलखात या. 1836 साली इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी शेतं मोजली. तेहतीस फुटी साखळी, तेहतीस बाय तेहतीसचा गुंठा, जमिनीची प्रत आण्यांत. कशासाठी? सारा बसवायला. 1848 साली सातारचं राज्य खालसा झालं, आणि ही साखळी कृष्णाकाठीही आली.

पण साखळी आंधळी असते. शीव कुठं संपते, बांध कुठं वळतो हे साहेबाला काय माहीत? ते गावच्या महाराला माहीत. शिवेचा तंटा लागला की साक्ष त्याची. सावली चालत नव्हती, साक्ष चालायची!

माझा आजा सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावचा वतनदार. मोजणीदारापुढं उन्हातान्हात पळून अख्ख्या गावाचे दगड त्यानं दाखवले. आज आमच्या सातबाऱ्यावर सव्वादोन एकर आहे, रानात दीडसुद्धा भरत नाही. दोन्ही बाजूंनी बांध कोरत आणला. ज्यानं गावाची शीव राखली, त्याच्याच नातवाला स्वतःचा बांध सापडत नाही.

महारकी वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 सालीच मुंबई कौन्सिलात बिल आणलं. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा यायला 1958 उजाडलं. राबणूक गेली. जमीन मात्र कागदावर आली, ताब्यात किती आली?

मी सांगलीत भाड्याच्या खोलीत राहतो. दोस्त म्हणतात, गाव सोडलंय ना, मग बांध कशाला उकरतोस? अरे, गाव सोडणं वेगळं आणि सातबारा सोडणं वेगळं. आपल्या पोरांना मार्क्स तोंडपाठ, मोजणीचं टिपण वाचता येत नाही. ही आपली चूक. ती पाटलावर ढकलू नका.

आता आभाळातून मोजणी होते. 2020 सालापासून केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजतात. आधी हद्दीवर चुना मारतात, ड्रोनला तीच रेघ दिसते. त्या दिवशी आपण मुंबईत असलो, तर राजवाड्यातल्या आपल्या घराची रेघ कोण मारणार? शेजारी?

तेव्हा पोरांनो, चार दिवसांची रजा टाका. म्हाताऱ्यांना विचारा, दगड कुठं होता. नकाशाची नक्कल काढा, मोजणीचा अर्ज द्या, चुना मारताना उभे राहा.

आज्यानं दुसऱ्यांची शीव दाखवली. आपण आपली दाखवू.