कुलूप म्हणजे हमी नव्हे



'वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसले की निर्धास्त व्हावे' हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला हेतूने चांगला, पण घातक आहे. ते कुलूप एवढेच सांगते की तुमची माहिती वाटेत कोणी वाचू शकणार नाही. पलीकडे बँक बसली आहे की भामटा, हे त्याला ठाऊक नसते. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था फुकट देते, मागणाऱ्याचा हेतू न विचारता. लोक भलताच अर्थ लावतात म्हणून गूगलने २०२३ मध्ये क्रोममधले ते चिन्हच बदलले.

पाहायचा तो पत्ता, आणि तोही शेवटाकडून. 'वीजबिल थकले, आज रात्री जोडणी तोडू' अशा मेसेजमधली लिंक घ्या. 'महावितरण डॉट इन डॉट बिलभरणा डॉट टॉप' असे काही असेल, तर पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगेच अलीकडचे 'बिलभरणा डॉट टॉप' हाच खरा मालक. महावितरण नुसते दारावर रंगवलेले. (मोबाइलवर लांब पत्ता पूर्ण दिसतही नाही, हे भामट्यांच्या पथ्यावरच पडते.) बँकांना तर रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'ने संपणाऱ्या पत्त्यावर जायला सांगितले होते. हा शेवट वाटेल त्याला विकत मिळत नाही, म्हणून कुलपापेक्षा तो बघा.

'अशुद्ध भाषेवरून बनावट साइट ओळखा' हा त्या पत्रलेखकाचा दुसरा सल्लाही जुना झाला. हल्ली भामट्यांचे मराठी आपल्या सरकारी परिपत्रकांहून बरे असते!

– एक वाचक, सांगली