फायली मोजून न्याय होत नाही!

मंडळी, एक साधं गणित सोडवा. २०११ च्या जनगणनेत आमच्या अकोला जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १८ लाख, शेजारच्या अमरावतीची सुमारे २९ लाख. अकोल्यात तालुके ७, अमरावतीत १४. त्यातले धारणी नि चिखलदरा तर मेळघाटातले. आणि २००९ च्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेच्या नमुन्यात जिल्हा कक्षाला सामाजिक कार्यकर्ते किती? इथेही २, तिथेही २! आता योजनेचं नाव मिशन वात्सल्य झालंय. पण सारखं वाटप म्हणजे न्याय, हा समज काही गेला नाही.

कायदा म्हणतो, सामाजिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण करा. मुदत सगळ्यांना सारखी, पण अंतर? अकोल्याहून आमच्या हिवरखेडला येऊन एक घर नीट पाहायचं म्हणजे अख्खा दिवस गेला. तेवढ्यात शहरातल्या चार फायली उरकतात. मग महिनाअखेर फायली मोजल्या की कामचुकार कोण ठरणार? लांबच्या गावात जाणारा! पुढच्या महिन्यात तोही फोनवरच चौकशी करेल... आणि मार खाणारं पोर फोनवर काय सांगणार, बाप्पा?

म्हणून फायली मोजू नका. अंतर मोजा, मुलाला धोका किती ते पाहा, किती भेटी लागतील ते धरा आणि मग काम वाटा. एका माणसाकडे जास्तीत जास्त किती प्रकरणं, तेही ठरवा. मर्यादा भरली की नवा माणूस द्या. पैसा नाही म्हणता? माणूस न नेमून तो वाचतो खरा, पण भोगतं ते पोर.