विश्लेषण : महासाथीत लस घ्यावी की नाही, हा निर्णय कसा करायचा?

कोव्हिशील्ड लशीमुळे अतिदुर्मीळ प्रसंगी रक्तात गुठळ्या होऊ शकतात, असे ॲस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनमधील न्यायालयात मान्य केल्याची बातमी एप्रिल २०२४ च्या अखेरीस आली आणि लस घेतलेल्या लाखो कुटुंबांत चलबिचल झाली. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकातील हासन जिल्ह्यात तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंची चर्चा सुरू झाली, तेव्हा पुन्हा लशीकडेच बोट दाखवले गेले. ‘तेव्हा लस घेतली ते चुकले का?’ हा प्रश्न काही केल्या मागे पडत नाही. पुढची महासाथ आली तर तोच प्रश्न ‘आता घ्यावी का?’ असा समोर येईल. म्हणून हा निर्णय कोणत्या माहितीवर करायचा असतो, हे समजून घेणे गरजेचे आहे.

ॲस्ट्राझेनेकाने नेमके काय मान्य केले?

ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि ॲस्ट्राझेनेका यांनी विकसित केलेली लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘कोव्हिशील्ड’ नावाने भारतात तयार केली. या लशीनंतर क्वचित ‘थ्रॉम्बोसिस विथ थ्रॉम्बोसायटोपेनिया सिंड्रोम’ म्हणजे ‘टीटीएस’ होऊ शकतो. त्यात रक्ताच्या गुठळ्या होतात आणि त्याच वेळी प्लेटलेट कमी होतात. कंपनीने हे न्यायालयीन कागदपत्रांत फेब्रुवारी २०२४ मध्ये मान्य केले. मात्र ही माहिती नवी नव्हती. युरोपीय औषध नियामकाने ७ एप्रिल २०२१ रोजीच हा अतिदुर्मीळ दुष्परिणाम म्हणून नोंदवण्यास सांगितले होते. टीटीएस लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, बहुतेक वेळा पहिल्या मात्रेनंतर दिसतो. तीन-चार वर्षांपूर्वी लस घेतलेल्यांना आज त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

धोका किती होता?

भारतातील लसीकरणोत्तर दुष्परिणामांचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय समितीने मे २०२१ मध्ये ४९८ गंभीर प्रकरणे तपासली. त्यांपैकी २६ प्रकरणांत गुठळ्यांची शक्यता आढळली. कोव्हिशील्डच्या दर दहा लाख मात्रांमागे हे प्रमाण ०.६१ होते. त्याच वेळी ब्रिटनमध्ये ते दहा लाखांमागे ४, तर जर्मनीत १० असल्याचे सरकारने सांगितले. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत हा धोका कमी असतो, असे स्पष्टीकरणही देण्यात आले. मात्र भारतात दुष्परिणामांची नोंद करणारी यंत्रणा ब्रिटनइतकी मजबूत नाही. त्यामुळे आपल्याकडचा आकडा काही अंशी कमी नोंदींमुळेही खाली राहिला असू शकतो. तरीही दहा लाखांत चार किंवा दहा हे प्रमाण धरले, तरी धोका दुर्मीळच ठरतो. ज्या कुटुंबावर तो ओढवला त्याच्यासाठी मात्र ‘दुर्मीळ’ या शब्दाला अर्थ उरत नाही, हेही तितकेच खरे.

मग तुलना कशाशी करायची?

लशीचा धोका शून्याशी ताडून पाहणे, ही सर्वांत नेहमीची चूक. लस न घेणाऱ्याचा धोका शून्य नसतो. त्याच्यासमोर आजाराचा धोका असतो. म्हणून तुलना लस आणि आजार यांचीच व्हायला हवी. केंब्रिज विद्यापीठातील विंटन सेंटरने एप्रिल २०२१ मध्ये ही तुलना आकड्यांत मांडली. संसर्ग कमी असताना एक लाख लोकांना लस दिली, तर १६ आठवड्यांत किती जणांचा अतिदक्षता विभाग टळेल आणि किती जणांना लशीमुळे गंभीर इजा होईल, असा तो हिशेब होता. साठ ते ६९ वयोगटात १४.१ जणांचा अतिदक्षता विभाग टळत होता आणि इजा ०.२ जणांना होत होती. वीस ते २९ वयोगटात मात्र टळणारे ०.८ आणि इजा होणारे १.१ असे उलटे चित्र होते. संसर्ग जास्त असेल, तर याच तरुण गटात टळणाऱ्यांची संख्या इजेच्या कितीतरी पुढे जात होती.

म्हणजे ‘लस सुरक्षित आहे का?’ या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नसते. ते वयावर, साथीच्या जोरावर आणि दुसरी लस उपलब्ध आहे का यावर ठरते. ब्रिटनने आधी तिशीच्या आणि नंतर चाळिशीच्या आतील लोकांना पर्यायी लस द्यावी असे ठरवले, तर डेन्मार्कने ही लस वापरणेच थांबवले. त्यांच्याकडे फायझरसारखे पर्याय होते. भारतात एप्रिल-मे २०२१ मध्ये कोव्हिशील्ड, थोड्या प्रमाणात कोव्हॅक्सिन आणि बाहेर दुसरी लाट, एवढेच होते. एकाच लशीबाबत दोन देशांनी वेगळे निर्णय घेतले आणि दोन्ही आपापल्या जागी योग्य असू शकतात.

भारतीयांनी निर्णय घेतला तेव्हा हाती काय होते?

सुरुवातीला फारसे नव्हते. देशात १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले, तेव्हा कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचण्यांचे परिणामकारकतेचे निष्कर्ष आलेले नव्हते. परवानगी ‘वैद्यकीय चाचणीच्या स्वरूपात’ होती, लस घेणाऱ्याकडून संमतिपत्र घेतले जात होते आणि दोन लशींत निवड करण्याची मुभा नव्हती. पहिल्या काही आठवड्यांत आरोग्य कर्मचाऱ्यांपैकीच अनेकांनी का-कू केली, ती अडाणीपणामुळे नव्हे. पुढे सुमारे २५,८०० स्वयंसेवकांवरील चाचणीत कोव्हॅक्सिन ७७.८ टक्के परिणामकारक ठरल्याचे नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ही माहिती आधी खुली झाली असती, तर तो संशय इतका वाढला नसता.

दुसरी अडचण वेळेची होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये देशातील दैनंदिन रुग्णसंख्या दहा-पंधरा हजारांच्या घरात आली होती. ‘साथ ओसरली, आता लशीची घाई कशाला?’ हा विचार तेव्हा चुकीचा वाटत नव्हता. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तीच संख्या चार लाखांवर गेली. लशीचे संरक्षण तयार व्हायला काही आठवडे लागतात, त्यामुळे लाट दिसल्यावर घेतलेला निर्णय त्या लाटेत फारसा उपयोगी पडत नाही. एप्रिलमध्ये मुंबईसह अनेक ठिकाणी साठ्याअभावी केंद्रे बंद ठेवावी लागली. ‘लस घ्यावी का?’ हा प्रश्न काही दिवसांतच ‘लस मिळेल का?’ असा झाला. धोक्याचा हिशेब आजच्या रुग्णसंख्येवर न करता पुढच्या काही महिन्यांच्या शक्यतेवर करावा लागतो, हा त्या दिवसांचा धडा आहे.

तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंचे काय?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ४७ रुग्णालयांच्या मदतीने १८ ते ४५ वयोगटातील ७२९ आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास केला आणि त्यांची तुलना २,९१६ जिवंत व्यक्तींशी केली. लशीमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. उलट दोन मात्रा घेतलेल्यांत तो कमी दिसला. करोनामुळे पूर्वी रुग्णालयात दाखल होणे, कुटुंबात आकस्मिक मृत्यूचा इतिहास, मृत्यूआधीच्या ४८ तासांतील अतिमद्यपान किंवा अतिश्रम या बाबींशी मात्र संबंध आढळला. लसीकरण जवळपास सर्वांचेच झाले असेल, तर कोणत्याही मृत्यूआधी लस घेतलेली असणारच. आधी घडले म्हणून ते कारण ठरत नाही, आणि ते तपासायलाच असे अभ्यास लागतात.

सक्ती करता येते का?

कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही, शारीरिक स्वायत्तता हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदाचा भाग आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी डॉ. जेकब पुलियल यांच्या याचिकेवर दिला. सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालता येतात, पण ते प्रमाणशीर हवेत, असेही न्यायालयाने बजावले. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन मात्रा घेतलेल्यांनाच लोकल प्रवासाची मुभा होती. रोजगारासाठी लोकलवर अवलंबून असलेल्यांसाठी ही मुभा सक्तीपेक्षा फार वेगळी नव्हती. या निर्बंधाला उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. ओमायक्रॉननंतर लस घेतलेल्यांनाही सर्रास संसर्ग होऊ लागला, तेव्हा ‘दुसऱ्यांच्या रक्षणासाठी सक्ती’ हा युक्तिवाद आणखी कमकुवत झाला. गंभीर आजारापासून मिळणारे वैयक्तिक संरक्षण मात्र टिकून होते.

सक्ती आणि भरपाई यांचाही संबंध आहे. ब्रिटनमध्ये लशीमुळे गंभीर अपंगत्व आलेल्यांना १ लाख २० हजार पौंड देण्याची योजना आहे. भारतात मात्र लसीकरण ऐच्छिक असल्याने सरकार जबाबदार नाही, पीडितांनी दिवाणी न्यायालयात जावे, अशी भूमिका केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मांडली. समाजाच्या भल्यासाठी पुढे या असे आवाहन करायचे आणि इजा झालीच तर ती ज्याची त्याने सोसायची, यातून विश्वास वाढत नाही.

मुंबईच्या प्लेगने काय शिकवले होते?

वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि नंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने तयार झालेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. त्याच वर्षी पुण्यात प्लेग निर्मूलनाच्या नावाखाली झालेल्या जबरदस्तीच्या घरझडत्यांनी संताप उसळला आणि त्याची परिणती रँडच्या हत्येत झाली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावात एकाच बाटलीतील लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांच्यावर ठपका आला. तो दूर व्हायला १९०७ साल उजाडले. स्वतःवर प्रयोग करून मिळवलेला विश्वास एका दूषित बाटलीने आणि लांबलेल्या चौकशीने डळमळीत झाला.

पुढच्या वेळी कोणते प्रश्न विचारावेत?

माझ्या वयाला आणि आजारांना हा रोग किती घातक आहे? माझ्या भागात येत्या काही महिन्यांत साथ वाढण्याची शक्यता किती? या लशीचा गंभीर दुष्परिणाम दर दहा लाखांत किती जणांत आणि कोणत्या वयात दिसला? दुसरी लस मिळू शकते का? लस घेतल्यावर कोणती लक्षणे दिसली तर लगेच डॉक्टरांकडे जायचे? साठीच्या मधुमेही व्यक्तीचे आणि पंचविशीतल्या धडधाकट तरुणाचे उत्तर एकच असेल असे नाही. ‘थांबून पाहू’ हाही एक निर्णयच आहे आणि त्याचीही किंमत असते. या प्रश्नांची उत्तरे वयोगटानुसार, मराठीत आणि वेळेत लोकांपर्यंत पोहोचवणे ही सरकारची जबाबदारी. दुष्परिणामांची आकडेवारी दडवून लसीकरण वाढत नाही. ती पुढे कधीतरी परदेशी न्यायालयातून बाहेर येते आणि ज्यांनी योग्य निर्णय घेतला होता, त्यांनाही आपण फसलो असे वाटू लागते.