गोडी नसलेला मेह

खानदेशांतील उन्हाळा म्हणजे तहानेचाच ऋतु. गिरणाकांठच्या आमच्या भडगांवीं वैशाखांत कोणी तांब्यामागून तांब्या पाणी प्याला, तरी घरांत त्याचें नवल वाटत नाहीं. म्हणूनच तहानेचा एक रोग येथें सहज दृष्टीआड होण्याचा संभव आहे. त्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

मूत्रपिंडांतून दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळला जातो. परंतु त्यांतील बहुतेक पाणी शरीर परत शोषून घेतें व दीड-दोन लिटरच काय तें बाहेर पडतें. या काटकसरीवर अखेरची देखरेख व्हॅसोप्रेसिन नांवाच्या अंतःस्रावाची. तो मेंदूच्या तळाशीं तयार होतो आणि वाटाण्याएवढ्या पिट्यूटरी ग्रंथीच्या मागील भागांत सांठतो. घामानें रक्त दाटलें कीं तो अधिक स्रवतो व मूत्र थोडें, पिवळें होतें. हा स्राव आटला, किंवा मूत्रपिंडानें त्याचा हुकूम मानला नाहीं, तर दिवसाला दहा-दहा लिटरही मूत्र जातें आणि तितकीच तहान लागते.

या रोगास डायबेटिस इन्सिपिडस म्हणत आले. मधुमेहाशीं नामसाम्य असलें तरी साखरेशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. या साम्यापायीं घोटाळे होऊन रोग्यांस इजा पोंचली. म्हणून २०२२ सालीं तज्ज्ञांनीं ‘व्हॅसोप्रेसिनची उणीव’ व ‘व्हॅसोप्रेसिनला विरोध’ अशीं नवीं नांवें सुचविलीं.

भर उन्हांतही मूत्र पाण्यासारखें स्वच्छ व विपुल होत असेल, रात्रीं वारंवार उठावें लागत असेल, तर प्रथम साखर तपासावी. मात्र साखर निघाली नाहीं एवढ्यानेंच निश्चिंत होऊं नये, डॉक्टरांस गांठावें. मूल रात्रीं माठाकडे धांवतें, अंथरूण ओलें करतें, म्हणून त्यास रागें भरून पाणी तोडणें हा तर घातच होय. पाणी न मिळाल्यास रक्तांतील क्षार वाढून रोगी बेशुद्धही पडतो.

पिट्यूटरीच्या याच भागांतील स्राव प्रयोगशाळेंत बनविणारे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ डू व्हिन्यो यांस १९५५ सालचें नोबेल पारितोषिक लाभलें. आज स्रावाच्या उणिवेवर डेस्मोप्रेसिन हें औषध गुणकारी ठरतें. तें घेत असतां मात्र गरजेपलीकडे पाणी पिऊं नये. अंगांत पाणी सांठून क्षार उतरतात.

निर्जळी एकादशी व हरतालिका पाळणाऱ्या घरांतील वडील मंडळींस आमची एकच विनंति: अशा रोग्यास निर्जळीचा आग्रह धरूं नये. पाणी व औषध यांनीं व्रत मोडत नाहीं, असें शास्त्रकारांनींच सांगून ठेविलें आहे.