मैदान लंडनचे, नफा मालकांचा

अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगने २००७ साली लंडनमध्ये नियमित सामने सुरू केले. आता तेथे कायमचा संघच वसवावा, अशी भाषा होते. खेळाचा प्रसार हे केवळ सोंग आहे. ३२ पैकी २४ संघमालकांनी होकार दिला की संघ शहर सोडू शकतो! सेंट लुईसमध्ये जनतेच्या पैशातून १९९५ साली स्टेडियम उभे राहिले; २०१६ साली संघ लॉस एंजेलिसला गेला, कर्जाचे हप्ते मात्र जनतेच्या माथी राहिले. ओकलंडचा संघ लास वेगासने ७५ कोटी डॉलरचा सार्वजनिक निधी ओतून मिळविला. उद्या लंडनचा धाक दाखवून मालक हीच खंडणी इतर शहरांकडून उकळतील. म्हणून घाम गाळणारे खेळाडू आणि पैसा पुरविणारी जनता यांना निर्णयाचा अधिकार मिळेपर्यंत या स्थलांतराला विरोधच झाला पाहिजे.