आधी उतरवा, मग चढवा

निवृत्तीनंतर माणसाला दोन गोष्टी हमखास सुचतात. एक तीर्थयात्रा, दुसरी घराची दुरुस्ती. तीर्थयात्रेहून माणूस ठरल्या तारखेला परत येतो. दुरुस्तीचं तसं नसतं. ‘पंधरा दिवसांत आटोपतो साहेब,’ म्हणणारा मिस्त्री आमच्या घरी पोळ्याला आला, तो दिवाळीचा फराळ खाऊनच गेला.

नांदेडच्या वजिराबादेतलं हे घर वडिलांनी १९६८ साली बांधलं. विटांच्या जाड भिंती, वर स्लॅब, खाली मोझॅकची फरशी. नोकरीत माझ्या बदल्या होत राहिल्या आणि घर आपलं जागच्या जागी म्हातारं होत गेलं. आता मुलगा-सूनबाई इथेच राहायला आले, तेव्हा दुरुस्तीचा विषय निघाला. सूनबाईंनी मोबाईलवर चित्रं दाखवली. छताला फॉल्स सीलिंग, स्वयंपाकघर आणि बैठकीमधली भिंत काढून एकच प्रशस्त खोली, आणि टीव्हीच्या मागे ओबडधोबड दगडांचा देखावा. ‘बाबा, जुन्या वाड्यासारखं वाटेल,’ त्या कौतुकानं म्हणाल्या.

दगडाची भिंत पाहून मी गप्प झालो. त्यांना वाटलं, सासरेबुवांना खर्च दिसतो आहे. मला दुसरंच दिसत होतं.

१९९३ साली मी औसा तालुक्यातल्या एका शाखेत होतो. त्या आधीच्या वर्षी एका शेतकऱ्याला घर सुधारण्यासाठी कर्ज मंजूर केलं होतं. पाहणीला मीच गेलो. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर माळवद. त्यानं कर्जातून दर्शनी भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, आकाशी रंग दिला, दारावर गणपती काढून घेतला. मी खूश झालो. ‘कर्जाचा विनियोग समाधानकारक’ असा शेरा मारला. वर माळवदावर चढून पाहावं, हे मला सुचलंसुद्धा नाही.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारी परिसरात जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. तिसऱ्या दिवशी मी त्या गावात पोचलो. आकाशी रंगाचे तुकडे मातीत पडलेले होते. तो शेतकरी वाचला होता. त्याची आई आणि धाकटी मुलगी वाचली नव्हती. तो मला काही बोलला नाही. ‘साहेब, बसा,’ म्हणाला, आणि बसायला काहीच नव्हतं.

पुढे जाणकारांकडून कारणं समजली, ती मी अजून विसरलेलो नाही. त्या भिंतींना आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन पदर असत आणि मधे मातीचा भराव. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा, आरपार जाणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नसेच. हादरा बसला की पदर फाकले. आणि वर माळवद. लाकडी तुळया, त्यावर कड्या, फळ्या, त्यावर पांढरी माती. उन्हाळ्यात त्या मातीखाली इतका गारवा असे की पंख्याची आठवण होऊ नये. पण पावसाळ्याआधी गळती नको म्हणून दरवर्षी थोडी नवी माती टाकायची रीत. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, मुलानं टाकली. प्रत्येकानं घराच्या काळजीपोटीच टाकली. काढली मात्र कोणी नाही. दीड फुटाचा थर झाला की दर चौरस फुटाला साठ-सत्तर किलो वजन झोपलेल्या माणसांच्या वर येतं. कुठे कुठे थर त्याहूनही जाड होते.

नंतर सर्वाधिक हानी झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. उभ्या राहिलेल्या घरांच्या मजबुतीकरणाची जी सूचनापत्रकं निघाली, त्यातली एक महत्त्वाची सूचना अशी होती की माळवदावरची जादा माती उतरवा. मग भिंतींत आरपार दगड घाला, खांब आणि तुळयांच्या कोनात तिरके आधार द्या, दारं-खिडक्यांच्या वर सलग पट्टी फिरवा. त्यात रंगाचा कुठे उल्लेख नव्हता.

घर सजवू नये असं मी म्हणत नाही. रोज ज्या भिंतीकडे पाहायचं ती प्रसन्न असावी. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. नोकरीत शेकडो घरांची अंदाजपत्रकं माझ्या टेबलावरून गेली. बहुतेकांत पाहुण्याला दिसणाऱ्या गोष्टींवर रक्कम सढळ, आणि गच्ची, वायरिंग, नळ, न्हाणीघर यांवर ‘इतर किरकोळ’ असा एक आकडा. आपण घर पाहुण्यांसाठी दुरुस्त करतो आणि राहतो मात्र त्या किरकोळात.

हे सगळं सूनबाईंना सांगून झाल्यावर मी मोठ्या रुबाबात एका सिव्हिल इंजिनिअरला घर दाखवायला बोलावलं. तो आधी गच्चीवर गेला. कोपऱ्यात खोदून पाहिलं तेव्हा गळती थांबवण्यासाठी केलेल्या कोब्याचे तीन थर निघाले. खालचा वडिलांचा, मधला थोरल्या भावाचा आणि वरचा, २००४ सालचा, माझा. एकूण नऊ इंच. किल्लारीच्या मातीवर व्याख्यान देणारा मी, माझ्याच डोक्यावर माळवद रचून बसलो होतो! सहाशे चौरस फुटांच्या गच्चीवर वीस टनांच्या पुढे वजन. कोबा फोडताना मिस्त्री म्हणाला, ‘साहेब, एवढं वर ठिवून खाली तुम्ही झोपायलात कसं?’

तर मंडळी, या अनुभवातून जे शिकलो ते सांगतो. पहिला खर्च इंजिनिअरच्या एका भेटीवर करा. भिंत कोणती वजन पेलते आणि कोणती नुसती आडोशाची, हे चित्रं दाखवणारा सांगत नाही. आमची मधली भिंत स्लॅब पेलणारी निघाली. पण सूनबाईंचं म्हणणंही खोटं नव्हतं. स्वयंपाक करणाऱ्या बाईनं घराकडे पाठ करून एकटीनं का उभं राहायचं? माझ्या आईनं आणि बायकोनं ते केलं, म्हणून ते बरोबर ठरत नाही. शेवटी कोपऱ्यापासून दूर, वर लिंटेल टाकून साडेतीन फुटांची खिडकी काढली. आता भाकरी थापता थापता बातम्या दिसतात, आणि आम्हाला चहा सांगायला उठावं लागत नाही, असा टोमणाही त्यातूनच येतो.

फरशीवर फरशी बसवू नका. वरच्या मजल्यावर दोन इंच मसाला आणि नवी टाईल म्हटली तर दहा बाय बाराच्या खोलीत सव्वा टनाच्या वर वजन वाढतं. तळमजल्यावर वजनाची भीती नाही, पण उंबरे बदलतात, दारं तासावी लागतात आणि खोलीखोलीत ठेच लागेल अशा पायऱ्या तयार होतात. आमचं मोझॅक आम्ही काढलंच नाही, घासून पॉलिश करून घेतलं. नव्या टाईलपेक्षा स्वस्त पडलं.

पाण्याच्या टाक्यांचंही तेच. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हापासून लातूरच्या आमच्या नातेवाइकांच्या गच्च्यांवर टाक्यांची रांग लागली आहे. टंचाई सोसलेल्या माणसाला दोष देता येत नाही. पण हजार लिटर म्हणजे एक टन. टाकी स्लॅबच्या मधोमध ठेवू नका, खाली भिंत किंवा तुळई असेल तिथेच ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे साठा जमिनीखालच्या हौदात करा आणि वर लहान टाकी ठेवा.

फॉल्स सीलिंग वजनाला हलकं असतं, थोडा उन्हाचा ताप अडवतं, हेही कबूल. पण गळकं छत ते झाकतं आणि ओल आत वाढत राहते. आधी गच्ची दुरुस्त, एक पावसाळा जाऊ द्या, मग सीलिंग. ओल आलेल्या भिंतीला महागडा रंग देणं म्हणजे तापलेल्या माणसाला पावडर लावणं आहे. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात स्लॅबचा तवा होतो, त्यावर साधा उपाय म्हणजे पांढरी गच्ची. चुना मारा किंवा पांढऱ्या चिनी मोझॅकचे तुकडे बसवा. पश्चिमेला काचेच्या मोठ्या खिडक्या चित्रात शोभतात. मे महिन्यात त्यांवर जाड पडदेच ओढावे लागतात.

बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानं चकचकीत नळ आणि काळ्या टाईल्स वर्षभरात पांढरट दिसू लागतात. न्हाणीत फिक्या, खरखरीत टाईल्स घ्या, उंबरा काढा, भिंतीत धरायला दांडी बसवा. गुडघे सगळ्यांचेच म्हातारे होणार आहेत. जुनं वायरिंग बदला, गीझर आणि एसीला स्वतंत्र लाईन घ्या, अर्थिंग तपासा. आणि पलंगाच्या उशाशी लोखंडी कपाट उभं करू नका, पलंगावर माळा काढू नका. कपाट वरच्या बाजूनं पट्टी लावून भिंतीला ठोकून घ्या. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली-नांदेड भागाला धक्के बसले, तेव्हा आमच्या कपाटावरची बॅग बायकोच्या उशीवर पडली. सुदैवानं ती उठून चहा करत होती.

बँकेतला एक धडाही देऊन ठेवतो. बँक घराचं कर्ज एकदम हातात देत नाही, काम होईल तसं हप्त्यानं देते. तुम्हीही कंत्राटदाराला तसंच द्या. लमसम आकडा घेऊ नका, कामागणिक माप आणि दर लिहून घ्या. दहा-पंधरा टक्के रक्कम बाजूला ठेवा, कारण जुनं घर उकरलं की काहीतरी निघतंच. आमचा कोबा निघाला! पडदे, सोफे, दिवे सगळ्यात शेवटी. पैसे संपलेच तर पडदे दिवाळीनंतर घेता येतात.

टीव्हीमागची भिंत अखेर साधी पांढरी राहिली. हा निर्णय सूनबाईंनीच घेतला. मी त्यांना त्या आकाशी घराची गोष्ट सांगितल्यानंतर त्यांनी दगडाचं नाव काढलं नाही.

गच्चीवरचा राडारोडा न्यायला ट्रॅक्टरच्या सात खेपा झाल्या. त्या जागी आता उताराचा, बेताचा एकच थर आहे. पाचव्या खेपेला समोरचे काका फाटकाशी येऊन उभे राहिले. ‘काय हो, घर पाडायलात का?’ मी म्हटलं, ‘नाही, हलकं करतोय.’ ते बराच वेळ ट्रॉलीकडे पाहत राहिले. मग स्वतःच्या गच्चीकडे पाहिलं आणि मिस्त्रीचा नंबर मागितला.